आठ लाखांचा आरओ का बंद पडला? एका ग्रामपंचायतीच्या निधीचं प्रकरण

गावाचं नाव, तालुका आणि माणसांची ओळख लपवली आहे. रकमांत किरकोळ बदल केले आहेत, पण त्यांचं एकमेकींशी असलेलं प्रमाण तसंच ठेवलंय, कारण खरी गोष्ट त्या प्रमाणातच आहे.

पार्श्वभूमी

अवर्षणग्रस्त तालुक्यातलं २,४०० लोकवस्तीचं गाव. मधे गावठाण, अर्ध्या किलोमीटरवर दलित वस्ती आणि ओढ्यापलीकडे शेतांत विखुरलेली एक वाडी. ग्रामपंचायतीत नऊ सदस्य. सरपंचताई थेट जनतेतून निवडून आलेल्या, एका पॅनेलच्या. उपसरपंचांसह सहा सदस्य दुसऱ्या पॅनेलचे. २०२२ मध्ये थेट निवड परत आल्यापासून अशी विभागणी बऱ्याच गावांत दिसते. सही सरपंचाची, बहुमत समोरच्याचं.

मी तिथे गेले ती ग्रामपंचायत विकास आराखड्याची प्रशिक्षक म्हणून. दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सुमाराला पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम सुरू होतं आणि आमच्यासारख्यांना गावं वाटून दिली जातात. दोन दिवसांचं काम होतं. प्रत्यक्षात मी त्या गावात चौदा महिने जात राहिले.

गावाकडे पैसा येतो कुठून, हे आधी सांगायला हवं. तेव्हा मोठा वाटा १५ व्या वित्त आयोगाचा होता. २०२१ ते २०२६ या काळासाठी त्या आयोगाने ६० टक्के निधी बंधित ठेवला: ३० टक्के पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी, ३० टक्के स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. तो गावाच्या गरजेप्रमाणे वापरता यायचा, पण पगार आणि आस्थापनेवर नाही. या गावाच्या वाट्याला वर्षाला साधारण १३ लाख येत होते. म्हणजे पाण्यासाठी ३ लाख ९० हजार. हा आकडा लक्षात ठेवा.

दुसरा पैसा गावाचा स्वतःचा: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर. वर्षाची मागणी ५ लाख ४० हजार आणि वसुली २ लाख १० हजार. यातूनच शिपायाचा आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार, पाण्यातले जंतू मारायची टीसीएल पावडर, कागद, मोटारीची दुरुस्ती. वित्त आयोगाचा पैसा वस्तू उभ्या करतो आणि त्या चालवायला पैसा लागतो तो बहुतेक या लहान पिशवीतून. गाव निवडणुकीत मोठ्या पिशवीवर भांडतं. लहान पिशवी फाटलेली असते, तिकडे कुणी बघत नाही.

अडचण

मी पोचले तेव्हा मारुतीच्या पारासमोर पत्र्याच्या शेडमध्ये आरओचा, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारा, प्लांट बंद होता. यंत्रं ६ लाख ४० हजारांची, शेड आणि ओटा १ लाख ९० हजारांचा. एकूण ८ लाख ३० हजार, म्हणजे गावाच्या दोन वर्षांच्या पाण्याच्या पैशापेक्षा जास्त. पाच रुपयांचं नाणं टाकलं की वीस लिटरचा जार भरायचा. अकरा महिने चालला, मग वीजबिल थकल्यामुळे मीटर कापला गेला. थकबाकी ५२ हजार.

गावातल्या एका पोराने ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतींच्या जमाखर्चाच्या सरकारी संकेतस्थळावर प्लांटचं देयक पाहिलं आणि त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला. हे संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे, त्यामुळे यात वावगं काही नव्हतं. मात्र त्या फोटोखाली जे सुरू झालं त्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले.

पहिला प्रश्न, नाण्यांचे पैसे कुठे गेले? ग्रामपंचायतीच्या रोकड वहीत, म्हणजे नमुना ५ मध्ये, आरओच्या जमेची एकही नोंद नव्हती. प्लांट चालवणाऱ्या तरुणाला पोरं तोंडावर चोर म्हणू लागली. त्याला उपसरपंचांनी तोंडी सांगून ठेवलं होतं. नेमणुकीचा ठराव नव्हता, करारनामा नव्हता.

दुसरा प्रश्न दलित वस्तीचा. पारावरून भरलेला जार अर्धा किलोमीटर डोक्यावर आणायचा की दुचाकीवर? दुचाकी वस्तीत मोजक्या घरी. वस्तीतल्या सदस्यांची मागणी साधी होती: पुढच्या आराखड्यात आमच्याकडे दुसरा आरओ घ्या. गावठाणाला मिळालं ते आम्हाला का नाही, हा सवाल रास्त होता आणि त्याला कुणाकडे उत्तर नव्हतं.

तिसरा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं: आरओ लागत होता का?

समोरचे पर्याय

पहिल्या बैठकीत चार वाटा मांडल्या गेल्या. चारींच्या मागे माणसं उभी होती, म्हणून त्या तशाच लिहिते.

सरपंचताईंच्या पॅनेलला तक्रार हवी होती. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली उपसरपंचांवर गैरवर्तनाची चौकशी लावायची. यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते आणि प्रकरण विभागीय आयुक्तांकडे जातं. पैसे खाल्ल्याचा पुरावा हातात असेल तर हाच मार्ग घ्यायला हवा, यात मला शंका नाही. पण इथे हातात फक्त नोंद नसल्याचा पुरावा होता. शिवाय रोकड वहीत नोंद घेणं हे ग्रामसेवकाचं (२०२४ पासून या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) काम आणि त्यावर सरपंचाची सही असते. तक्रार केली असती तर बोट तिघांकडे वळलं असतं. आणि चौकशी चालू असेपर्यंत कुणी कशावर सही करत नाही, हे मी दोन गावांत पाहिलं आहे.

उपसरपंचांना मीटर जोडून प्लांट पुन्हा चालू करायचा होता. "एकदा पाणी आलं की लोकं गप बसतात," असं ते म्हणाले. अनुभवाचं बोलणं होतं ते. लोक खरंच गप्प बसले असते, पुढचा मीटर कापेपर्यंत.

वस्तीतल्या सदस्यांना दुसरा आरओ हवा होता.

चौथी वाट मी सुचवली: प्लांट महिलांच्या ग्रामसंघाकडे, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाकडे, चालवायला द्यायचा. गावात उमेद या सरकारी अभियानातले असे चौदा समूह होते आणि त्यांचे हिशेब ग्रामपंचायतीपेक्षा कितीतरी नीट होते. मला वाटलं, सुटला प्रश्न. ग्रामसंघाच्या अध्यक्षा शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या भांडणाचं ओझं आमच्या डोक्यावर कशाला? आधी थकलेलं बिल भरा. महिन्याला किती येतं, किती जातं ते आम्हाला कागदावर दाखवा. मग आम्ही ठरवू."

मी उत्तर घेऊन गेले होते. त्यांनी मला प्रश्नाकडे परत पाठवलं.

निर्णयाचा पहिला टप्पा: आधी काय मोजायचं

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत सरपंचताईंनी दोन गोष्टी मंजूर करून घेतल्या. तक्रार दोन महिने थांबवायची. तेवढ्यात पाण्याची तपासणी आणि नाण्यांचा हिशेब, दोन्ही करायचं. समोरच्या पॅनेलने हरकत घेतली नाही, कारण तक्रार थांबत होती. सरपंचताईंच्या स्वतःच्या पॅनेलमधले दोघं मात्र चिडले. "ताई, तुम्ही त्यांना वाचवताय," असं त्यांना भर सभेत ऐकावं लागलं. या सबंध प्रकरणातलं सगळ्यात अवघड पाऊल मला हेच वाटतं. पैशांच्या प्रकरणात थांबणाऱ्यावर सामील असल्याचा आळ येतोच.

पाण्याचे तीन नमुने जलसुरक्षकाने प्रयोगशाळेत दिले: योजनेच्या विहिरीचा, वस्तीतल्या शेवटच्या नळाचा, आणि आरओला पाणी पुरवणाऱ्या बोअरचा. अहवाल आला तेव्हा कार्यालयात कुणी काही बोललंच नाही. विहिरीच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ७८० मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे ५०० पर्यंत उत्तम आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतं. नायट्रेट आणि फ्लोराईड मर्यादेत. पाणी जड होतं, चहा फुळकट लागायचा, डाळ शिजायला वेळ घ्यायची, पण ते पिण्याजोगं होतं. बोअरचे क्षार १,६५०. म्हणजे गावाने आपली बरी विहीर बाजूला ठेवून खाऱ्या बोअरचं पाणी गोड करायला आठ लाख घातले होते. कारण एवढंच की बोअर पाराजवळ होता आणि शेडही तिथेच हवी होती.

आणि वस्तीचा नळ? क्षार तेवढेच, पण जंतू सापडले आणि शिल्लक क्लोरीन शून्य. विहिरीत पावडर पडत होती. वस्तीकडे जाणारी जुनी पाईपलाईन ३४० मीटर गटारातून गेली होती, तिचे तीन जोड गळत होते. पाणी बंद झालं की गटारातलं आत ओढलं जायचं. वस्तीतल्या पोरांना जुलाब का होतात, हे आशाताई दोन वर्षं सांगत होत्या. आरओने त्यातलं काहीच थांबलं नसतं. जाराचं पाणी प्यायला, नळाचं पाणी भांडी घासायला, तोंड धुवायला, आणि मूल नळालाच तोंड लावतं.

आरओ घेताना पाण्याचा अहवाल फाईलला होता का? नव्हता. अंदाजपत्रक होतं, तांत्रिक मान्यता होती, प्रशासकीय मान्यता होती, मोजमाप पुस्तिकेत नोंद होती, पूर्णत्वाचा दाखला होता. कागद सगळे बरोबर. कुठलंही लेखापरीक्षण ही फाईल पास करेल.

निर्णयाचा दुसरा टप्पा: वही

प्लांट चालवणारा तरुण सुरुवातीला यायलाच तयार नव्हता. त्याच्या आईशी ग्रामसंघाच्या दोघीजणी बोलल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला आणि त्याने पिशवीतून शंभर पानी वही काढून टेबलावर ठेवली. शाळेची वही, वर पाढे आणि वेळापत्रक छापलेली. आत प्रत्येक दिवसाची ओळ: तारीख, किती जार, किती रुपये. मागच्या पानापासून उलट्या बाजूने खर्च: कॅन्डल फिल्टर, केमिकल, मेकॅनिकचं पेट्रोल, दोन वीजबिलं, स्वतःची मजुरी. काही पानांना पाणी लागून शाई पसरली होती. अकरा महिन्यांत एक दिवस सुटला नव्हता.

वही खरी हे ठरवायचं कसं? नाणं टाकायच्या यंत्रात आजवर गेलेल्या लिटरचा आकडा साठलेला असतो, असं त्यानेच सांगितलं, पण वीज नसल्याने पडदा बंद. मग मांडववाल्याकडून छोटा जनरेटर आणला. पारावर पन्नासेक माणसं जमली. पडदा उजळला, आकडा आला: ५,६१,००० लिटर. विसाने भागलं की २८,०५० जार, पाचने गुणलं की १,४०,२५० रुपये. सरपंचताईंनी हा हिशेब शेडच्या पत्र्यावर खडूने सगळ्यांसमोर केला.

वहीतली जमा १,०९,६०० होती. फरक ३०,६५०. म्हणजे ६,१३० जार बिनपैशाचे गेले होते. लोक आठवू लागले: शाळेला रोज पाच जार, गावातून जाणारी दिंडी, सात-आठ लग्नं, तीन मयती. मोजत मोजत ३,४०० जारांची बेरीज लागली. उरलेल्या २,७३० जारांचे १३,६५० रुपये. त्यांचा मेळ आजही लागलेला नाही आणि तसं इतिवृत्तात स्पष्ट लिहिलं आहे.

खर्चाची बाजू: मजुरी नऊ महिन्यांची ४०,५००, दुरुस्ती आणि साहित्य ३१,४००, वीजबिलं ९,८००. एकूण ८१,७००. शिल्लक २७,९०० उपसरपंचांकडे दिल्याची नोंद, तीन तारखांना, प्रत्येकीपुढे त्यांची आद्याक्षरं. उपसरपंचांनी ती नाकारली नाहीत. ते म्हणाले, मीटर परत जोडायला पैसे साठवत होतो, घरी ठेवलेत.

खरं-खोटं काय, यावर गावात आजही दोन मतं आहेत. माझं मत असं की त्यांचा हेतू काय होता याने फरक पडत नाही. ग्रामपंचायतीच्या नावाने आलेला प्रत्येक रुपया आधी पावतीने ग्रामनिधीत जमा व्हायला हवा आणि मगच प्रमाणकावर, म्हणजे व्हाउचरवर, खर्च व्हायला हवा. लेखा संहितेत ही गोष्ट निःसंदिग्ध आहे. आलेल्या रोखीतून परस्पर खर्च केला की प्रामाणिक माणसालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही. त्या तरुणाचं तेच झालं. वही नसती तर तो जन्मभर गावात चोर ठरला असता.

दुसऱ्या दिवशी मी आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ग्रामसंघाला हवा असलेला कागद तयार केला. रोज सरासरी ८५ जार, म्हणजे महिन्याला १२,७५० रुपये जमा. खर्च: वीज ५,५००, मजुरी ४,५००, साहित्य-दुरुस्ती सुमारे २,८५०. झाले १२,८५०. शिवाय दोन-अडीच वर्षांनी मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, बदलावं लागतं, त्यासाठी महिन्याला २,००० बाजूला ठेवले तर १४,८५०.

मी तो कागद दोनदा तपासला. एक नाणंही इकडचं तिकडे झालं नसतं, तरी प्लांट महिन्याला २,१०० रुपयांनी तोट्यात होता. पाच रुपये दर कुणीतरी शेजारच्या गावात बघून ठरवला होता. चोरी झाली असो वा नसो, मीटर कापला जाणारच होता. चोरीच्या भांडणाने हेच झाकलं गेलं.

काय केलं

२५ जानेवारीला महिला सभा झाली आणि २६ ला ग्रामसभा. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. या गावात १०० लागत होते. एरवी सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून दहा जणांत उरकायची, हीच तिथली रीत. या वेळी तहकूब करावी लागली नाही.

हिशेब वाचून दाखवला तो भाऊसाहेबांनी नाही, सरपंचताईंनी. त्यांनी आठ दिवस रोकड वही समजून घेतली होती. अडखळत वाचलं, पण कुठल्या ओळीचा अर्थ काय हे त्यांना विचारलं की सांगता येत होतं.

ठराव असे झाले. उपसरपंचांनी २७,९०० रुपये पंधरा दिवसांत ग्रामनिधीत भरायचे. त्यांनी दोन हप्त्यांत भरले, पावत्या नमुना ७ वर, म्हणजे सामान्य पावतीवर, फाडल्या. थकलेलं वीजबिल स्वनिधीतून भरायचं. यावर वाद झाला, कारण पाणीपुरवठ्याची वीजबिलं बंधित निधीतून भरायला शासनाने २०२१ मध्ये मुभा दिली होती आणि भाऊसाहेबांचं म्हणणं होतं की तीच वापरावी. पण पाईपलाईनचे पैसे त्याच निधीतून जाणार होते. शेवटी भरलेले २७,९०० आणि घरपट्टीच्या वसुलीतले २४ हजार असे मिळून बिल भरलं.

दुसरा आरओ आराखड्यात घ्यायचा नाही, वस्तीची पाईपलाईन घ्यायची. हा ठराव मांडताना मला भीती वाटत होती. "गावठाणाला यंत्र आणि आम्हाला पाईप?" असं कुणी म्हटलं असतं तर ते चूक ठरलं नसतं. म्हणून सरपंचताई आणि आशाताई आदल्या आठवड्यात वस्तीत दोनदा जाऊन आल्या होत्या, अहवाल घेऊन. वस्तीतल्या एका आजींनी अट घातली: काम चालू असताना आमची दोन माणसं रोज तिथे उभी राहतील आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय बिल निघायचं नाही. ती अट शब्दशः ठरावात घेतली. पाईपलाईन २ लाख ६० हजार, टाकीवर क्लोरिनेटर ४५ हजार. एकूण ३ लाख ५ हजार, एका वर्षाच्या पाण्याच्या वाट्यात बसणारे. त्यानुसार आराखडा ई-ग्रामस्वराजवर सुधारून घेतला.

आरओला बोअरऐवजी विहिरीचं पाणी जोडलं. त्यामुळे वाया जाणारं पाणी आणि वीज दोन्ही कमी झालं. दर सात रुपये. प्लांट ग्रामसंघाला अकरा महिन्यांच्या करारावर दिला: रोजची जमा बँकेत, महिन्याचा हिशेब फलकावर, मेम्ब्रेनचे २,००० वेगळ्या खात्यात, लग्न-मयतीला पाणी हवं तर पैसे यजमानाने किंवा ग्रामपंचायतीने द्यायचे, फुकट कुणालाच नाही. शाळेचे जार ग्रामपंचायत देते.

आणखी एक बदल लहान दिसतो, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. देयक काढायला सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. या गावात दोन्ही डोंगल संगणक चालकाच्या ड्रॉवरमध्ये, एकाच रबरबँडमध्ये असायचे. दोन सह्यांचा अर्थच मग उरत नाही. आता सरपंचताईंचा डोंगल त्यांच्या पर्समध्ये असतो आणि देयक काढायच्या दिवशी त्या प्रमाणक वाचूनच तो लावतात.

शेवटचा ठराव नव्या कामांबद्दल. आराखड्यात कुठलीही नवी वस्तू घ्यायची तर अंदाजपत्रकासोबत एक जादा पान जोडायचं. गावात त्याला "चालवायचं पान" म्हणतात. त्यावर चार गोष्टी: ही वस्तू खरंच लागते याचा पुरावा काय, चालवायला महिन्याला किती लागतील, ते कुठल्या पैशातून, आणि बंद पडली तर कुणी बघायचं.

निष्पत्ती

चौदा महिन्यांनंतरचं चित्र संमिश्र आहे. वस्तीच्या शेवटच्या नळाला क्लोरीन मिळतं आणि पुढच्या दोन्ही तपासण्यांत जंतू आढळले नाहीत. आरओ चालू आहे. रोज ८० जार जातात, म्हणजे पाचच कमी. दर वाढला की लोक तुटतील ही भीती खोटी ठरली. १६,८०० जमा, मेम्ब्रेनच्या ठेवीसह १४,००० खर्च, उरलेले ग्रामसंघाचे. उन्हाळ्यात विहीर खाली गेली तेव्हा मात्र नऊ दिवस बंद ठेवावा लागला, आणि पाऊस ओढ घेईल त्या वर्षी याहून जास्त दिवस लागतील. हिवरे बाजारसारखी गावं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात. इथे विहिरीच्या दोनशे फुटांवर नवी बोअर पडली आणि कुणी अडवलं नाही. निधीचा हिशेब गावाने शिकून घेतला, पाण्याचा अजून नाही.

घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली २ लाख १० हजारांवरून ३ लाख ३० हजारांवर गेली. सगळं श्रेय हिशेब वाचण्याला देणार नाही. त्याच वर्षी दाखल्यांसाठी थकबाकी भरायचा आग्रह धरला गेला होता. पण फलक लागल्यावर स्वतःहून आलेली माणसं मी पाहिली आहेत.

चालवायच्या पानाची कसोटी दोन कामांना लागली. ओपन जिम वगळली गेली. हायमास्ट दिव्याचं पान मात्र वरवरचं भरून पुढे सरकलं, त्याच्या वीजबिलापुढे "ग्रामपंचायत" एवढंच लिहिलं होतं. वाडीला अजूनही नळ नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पाण्याचा अहवाल आधी काढायला हवा होता, हे उघड आहे. त्याला खर्चही नगण्य. मला जास्त बोचतात त्या दोन गोष्टी आहेत.

एक, नेमणूक. त्या तरुणाला पहिल्याच दिवशी ठरावाने नेमलं असतं, पावती पुस्तक दिलं असतं आणि आठवड्याला बँकेत भरणा करायला सांगितलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. तोंडी काम देणं गावात विश्वासाचं लक्षण मानतात. प्रत्यक्षात जोखीम सगळी त्याच्या डोक्यावर आणि अधिकार काहीच नाही.

दुसरी चूक माझी. वही तो आला त्याच संध्याकाळी समोर आली, पण ती ग्रामसभेत वाचली गेली तब्बल सहा आठवड्यांनी. मला आकडे पक्के करून घ्यायचे होते. त्या सहा आठवड्यांत व्हॉट्सअॅपवर त्याच्याबद्दल काय काय आलं ते त्याच्या आईने मला नंतर दाखवलं. वही खरी असल्याचं जनरेटरच्या रात्रीच जवळपास दिसत होतं. तेवढं तरी त्याच रात्री, तिथल्या तिथे, सरपंचताईंनी मोठ्याने सांगायला हवं होतं आणि मी त्यांना तसं सुचवायला हवं होतं. ग्रामसभेने त्याचं अभिनंदन केलं तेव्हा तो गावात नव्हता. पुण्याजवळ एका कंपनीत कंत्राटावर लागला होता. ग्रामसंघाने प्लांट घेतला तेव्हा त्यालाच बोलावलं. तो आला नाही.

त्याची अकरा महिन्यांपैकी दोन महिन्यांची मजुरी, ९,००० रुपये, अजून बाकी आहे. नेमणुकीचा ठराव नसल्याने ती कुठल्या शीर्षाखाली टाकायची यावर भाऊसाहेब अडलेत. सरपंचताईंनी विषय येत्या मासिक सभेच्या नोटिशीत घेतला आहे, आणि प्रमाणकाला पुरावा म्हणून त्याच्याच वहीच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.